नत्रवायूची तिहेरी गाठ



रसायनशास्त्रावर व्याख्यान आहे असे कळले म्हणजे श्रोत्यांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. एक ही की, वक्ता फळ्यावर सूत्रे लिहिणार. आणि दुसरी ही की, मध्येच उठून मागच्या बाजूने निघून जाता येईल की नाही. पहिल्या शंकेबाबत आपण निर्धास्त असावे, मी फळा मागितलेला नाही. दुसरीचा निर्णय मी आपल्यावरच सोपवतो.

आज मला एका रासायनिक बंधाची हकीकत सांगावयाची आहे. रसायनशास्त्रात बंध लाखो आहेत. पण एकाच बंधाशी नीट ओळख झाली म्हणजे बाकीच्यांची रीतभात आपोआप कळू लागते. मी निवडलेला बंध या क्षणी या मंडपात सर्वत्र आहे. आपण जी हवा श्वासाबरोबर आत घेत आहा, तिच्यात शेकडा ७८ भाग नत्रवायू आहे. ज्या प्राणवायूचे आपण एवढे कौतुक करतो तो अवघा २१ भाग. नत्रवायू आत जातो आणि जसा गेला तसाच, कोणाशी एक शब्दही न बोलता, बाहेर येतो. म्हणूनच लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ 'निर्जीव' असा होतो.

आता गंमत पाहा. आपले स्नायू, केस, नखे, रक्त, सारे काही प्रथिनांनी घडलेले, आणि प्रथिनांत नत्र हवाच. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे दोन किलो नत्र असतो. तो हवेतून आलेला नाही. भाकरीतून, डाळीतून, दुधातून आलेला आहे. ज्वारीच्या ताटाचीही हीच स्थिती. त्याची पाने नत्राच्या समुद्रात डोलत असतात आणि मुळे मात्र मातीत नत्रासाठी हिंडत असतात. चहूकडे पाणी असून तहानेने व्याकूळ व्हावे, तशातला हा प्रकार. याचे कारण एकच. नत्रवायूचे अणू हवेत सुटे नसतात. दोन-दोन अणू एकमेकांना एका तिहेरी गाठीने घट्ट बांधलेले असतात, आणि ती गाठ सोडविणे ना ज्वारीला जमते, ना आपल्याला.

ही गाठ म्हणजे काय? अणू एकमेकांना कशाने धरतात? त्याला दोरी नाही, आकडा नाही, डिंक नाही. प्रत्येक अणूच्या मध्यभागी धनविद्युत् असलेले केंद्र असते आणि त्याभोवती ऋणविद्युत् असलेल्या इलेक्ट्रॉनांचा परिवार असतो. दोन अणू जवळ आले की काही इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रांच्या मधल्या जागेत वावरू लागतात. एकाच इलेक्ट्रॉनाला दोन्ही केंद्रे आपल्याकडे ओढतात, आणि या ओढीनेच ती एकमेकांशी जखडली जातात. इलेक्ट्रॉनांची जोडी दोघांत मिळून वापरली म्हणजे एक बंध झाला, ही कल्पना अमेरिकेतील गिल्बर्ट ल्यूइस यांनी १९१६ साली मांडली. पुढे लायनस पॉलिंग यांनी तिला नव्या भौतिकशास्त्राचा पाया दिला व १९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविले. मिठाची गोष्ट वेगळी. तेथे सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊनच टाकतो, आणि मग दोन विरुद्ध विद्युद्भार एकमेकांना धरून बसतात. पण आपल्याला आज मिठाकडे वळायचे नाही.

नत्राच्या अणूत सात इलेक्ट्रॉन. त्यांपैकी बाहेरच्या कवचात पाच. त्या कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले म्हणजे अणू स्थिर होतो, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे प्रत्येकाला तीन कमी पडतात. दोघांनी प्रत्येकी तीन इलेक्ट्रॉन सामाईक खात्यात टाकले की तीन जोड्या होतात आणि दोघांचीही आठाची भरती होते. ही आपली तिहेरी गाठ.

येथे एका समजुतीचा समाचार घेतला पाहिजे, कारण ती शाळेतल्या मुलांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र पसरली आहे. 'बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते' असे आपण ऐकतो. कल्पना मोठी सोयीची आहे, आणि नेमकी उलटी आहे. बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते. बंध जुळतो तेव्हा ऊर्जा हाती येते. याला अपवाद नाही. लोहचुंबकाला चिकटलेला खिळा ओढून काढायला बळ कोणाला लागते? आपल्याला. आणि तोच खिळा सोडला तर चुंबकावर खटकन जाऊन आदळतो, तो आपल्या बळाने. अणूंचेही तसेच.

मग प्रत्येक रासायनिक क्रिया हा एक जमाखर्च ठरतो. जुने बंध तोडण्याचा खर्च. नवे बंध जुळल्याची जमा. जमा अधिक असेल तर उरलेली शिल्लक उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. हायड्रोजन प्राणवायूत जळतो त्याची वही उघडून पाहू. रसायनशास्त्रज्ञ एक-एक रेणू मोजत बसत नाहीत. ते 'मोल' नावाचे माप धरतात. एका मोलात सहावर तेवीस शून्ये इतके रेणू येतात. हायड्रोजनचे दोन मोल म्हणजे अवघे ४ ग्रॅम. त्यांचे बंध तोडायला ८७२ किलोज्यूल, आणि एक मोल प्राणवायूचा बंध तोडायला ४९८. एकूण खर्च १,३७०. या अणूंतून पाण्याची वाफ झाली की चार मोल नवे बंध जुळतात, प्रत्येकी ४६३ प्रमाणे जमा १,८५२. शिल्लक ४८२ किलोज्यूल; म्हणजे पाच लिटर पाणी सुमारे तेवीस अंशांनी तापेल इतकी. ४ ग्रॅमच्या धंद्यात हा नफा वाईट नाही.

पण मग हायड्रोजन आणि प्राणवायू एका बाटलीत भरून ठेवले तर ते आपण होऊन का पेटत नाहीत? कारण नफा शेवटी असला तरी सुरुवातीला भांडवल लागते. पहिले काही बंध कोणीतरी पदरचे खर्चून सैल करावे लागतात. काडी ओढतो ती त्यासाठी. एकदा काही रेणूंना नफा झाला की त्यांच्या नफ्यावर शेजारचे रेणू आपले भांडवल उभारतात, आणि ज्योत चालू राहते. स्वयंपाकघरातल्या गॅसचेही असेच. त्या वायूत ऊर्जा कोंडलेली नाही. वायू आणि हवेतला प्राणवायू यांचे अणू अधिक घट्ट जोड्या जुळवतात, त्या जुळणीची ती उष्णता आहे.

आता नत्रवायूकडे परत येऊ. हायड्रोजनचा बंध ४३६, प्राणवायूचा ४९८, क्लोरीनचा २४३. आणि नत्रवायूचा ९४५. ज्यांत दोन सारखेच अणू आहेत अशा रेणूंत याच्याइतका घट्ट बंध दुसऱ्या कोणाचाही नाही. या एका आकड्यात आजच्या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत. गाठ सोडवायची तर ९४५ द्यावे लागतात, म्हणून भूक. गाठ पुन्हा बसली तर ९४५ परत मिळतात, म्हणून स्फोट. आधी भुकेची बाजू पाहू.

१८९८ साली ब्रिस्टल येथे सर विल्यम क्रुक्स यांनी ब्रिटिश विज्ञान परिषदेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात एक इशारा दिला. गहू खाणाऱ्यांची संख्या वाढत आहे, जमिनीतला नत्र संपत आहे, आणि तो भरून काढण्यासाठी चिलीच्या वाळवंटातून जो सोरा जहाजे भरभरून येतो तो कायम पुरणारा नाही. हवेतल्या नत्राचे खत करणे हाच उपाय, आणि ते काम रसायनशास्त्रज्ञांचे. भाषणे पुष्कळ होतात. या भाषणाने मात्र माणसे कामाला लागली.

निसर्गात ही गाठ वीज तोडते. आकाशातली वीज कडाडते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा इतकी तापते की नत्र आणि प्राणवायू यांचे संयुग होते व पावसाबरोबर जमिनीत उतरते. नॉर्वेत धबधब्यांवरची वीज स्वस्त असल्यामुळे हीच युक्ती कारखान्यात करण्यात आली. चालली खरी, पण वीज फार खाऊ लागली.

जर्मनीतील कार्ल्सरूह येथे फ्रिट्झ हाबर यांनी दुसरी वाट धरली. नत्रवायू आणि हायड्रोजन यांचा संयोग करून अमोनिया करायचा. अमोनिया आपल्या घरांना अपरिचित नाही. नवसागर आणि चुना एकत्र चोळून हुंगला की नाकात जो झणका जातो तो त्याचाच. याची वही पाहिली तर खर्च २,२५३ आणि जमा २,३४६, म्हणजे थोडासा का होईना नफाच आहे. पण भांडवल? नत्राची गाठ सैल करायची तर प्रचंड तापवावे लागते. आणि येथे अडचण उभी राहते. ज्या क्रियेत उष्णता बाहेर पडते तिला फार तापवले तर ती उलटी फिरू लागते. झालेला अमोनिया पुन्हा फुटून नत्र आणि हायड्रोजन होतो. थंड ठेवावे तर क्रिया चालत नाही, तापवावे तर टिकत नाही. साध्या दाबाखाली ५०० अंशांवर अमोनिया बनतो तो हजारात एखादा भाग!

हाबर यांनी या कोंडीत दोन बाजूंनी हात घातला. एक म्हणजे दाब. नत्राचा एक भाग आणि हायड्रोजनचे तीन, असे चार भाग वायू मिळून अमोनियाचे दोनच भाग होतात. चार माणसांच्या जागेत दोन माणसे राहणार असतील, तर जागा आवळली की दोघांचीच सोय होणार. हवेच्या दोनशेपट दाब दिला, म्हणजे दोन किलोमीटर खोल समुद्रात असतो तेवढा, तर त्याच ५०० अंशांवर शेकडा सतरा-अठरा भाग अमोनिया मिळतो. तो थंड करून काढून घ्यायचा, उरलेले वायू पुन्हा फिरवायचे.

दुसरी बाजू उत्प्रेरकाची. उत्प्रेरक स्वतः खर्ची न पडता क्रिया सुलभ करतो असे पुस्तकांत लिहिलेले असते, आणि वाचणाऱ्याला ती मंत्रविद्या वाटते. तिच्यात मंत्र काही नाही. नत्राचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर टेकला की धातूचे अणू त्याच्याशी बंध जोडू लागतात. जुनी गाठ जितकी सैल होते तितके नवे बंध त्याच वेळी जुळत जातात. एका हाताने खर्च, दुसऱ्या हाताने जमा. ९४५ ची रक्कम एकदम मोजावी लागत नाही. मात्र धातूची पकड बेताची हवी. फार सैल असेल तर गाठ सुटणार नाही. फार घट्ट असेल तर नत्र तेथेच बिऱ्हाड करून बसेल. लोखंडावर हे सारे कसे घडते, आणि नत्राची गाठ सुटणे हीच सर्वांत सावकाश पायरी कशी, हे गेरहार्ड एर्टल यांनी पुढे तपासून दाखवले. अशा संशोधनासाठी त्यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कारखाने तोवर नव्वदेक वर्षे चालले होते! असे पुष्कळदा होते. भाकरी आधी भाजली जाते, तिचे शास्त्र मागाहून येते.

२ जुलै १९०९ रोजी हाबर यांच्या प्रयोगशाळेत, त्यांचे साहाय्यक रॉबर्ट ल रोसिन्योल यांनी बांधलेल्या यंत्रातून, कारखानदारांच्या समोर द्रव अमोनिया ठिबकू लागला. त्या यंत्रात उत्प्रेरक होता ऑस्मियम, म्हणजे अत्यंत दुर्मिळ धातू. कंपनीतील आल्विन मिट्टाश यांनी हजारो प्रयोग करून शेवटी साध्या लोखंडाच्या खनिजावर बोट ठेवले. त्यात थोडी ॲल्युमिना आणि थोडे पोटॅश. आजही या कारखान्यांत मुख्यतः लोखंडच असते.

कारखाना उभारण्याचे काम कार्ल बॉश यांचे, आणि माझ्या मते या हकीकतीतले सर्वांत नामी डोके त्यांचेच. तापलेली, दाबाखालची पोलादी नळी काही दिवसांतच फुटू लागली. पोलादाला बळकटी येते ती त्यातल्या कार्बनने. आणि तप्त हायड्रोजन पोलादात शिरून त्या कार्बनशीच संग करी व त्याला बाहेर काढी. म्हणजे नत्राचे बंध तोडता तोडता भांड्याचेच बंध तुटू लागले. बॉश यांनी नळीच्या आत मऊ लोखंडाचे अस्तर घातले, ज्यात काढून नेण्यासारखा कार्बनच नव्हता. आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोके पाडली. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन भोकांवाटे निघून जाई, पोलाद शाबूत राही. फुटू नये म्हणून भोके पाडायची, हे सुचायला धीटपणा लागतो. १९१३ साली ओप्पाऊ येथे कारखाना सुरू झाला.

आपल्या देशात सिंद्रीचा मोठा खत कारखाना १९५१ साली सुरू झाला, आणि मुंबईत तुर्भ्याचा १९६५ साली. पुढे अलिबागेजवळ थळ येथेही झाला. शेतकऱ्याच्या युरियाच्या पोत्यावर 'नत्र ४६ टक्के' असे छापलेले असते. तो नत्र हवेतून काढलेला असतो. जगातील निम्म्याच्या आसपास लोकांचे अन्न या एका क्रियेवर उभे आहे, असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे या मंडपात बसलेल्यांच्या अंगातील नत्राचा बराच मोठा वाटा केव्हातरी लोखंडाच्या पृष्ठभागावर गाठ सोडवून घेऊन आलेला आहे.

आता दुसरी बाजू. सोरा, गंधक आणि कोळसा ही बंदुकीच्या दारूची तिन्ही द्रव्ये आपल्याकडे किल्ल्याकिल्ल्यांवरच्या कोठारांत असत. सोऱ्यात नत्र असतो, पण तो आपल्या भावाशी बांधलेला नसून प्राणवायूशी, त्यामानाने सैल, बांधलेला असतो. धक्का किंवा ठिणगी मिळाली की प्राणवायू कोळशाकडे धावतो आणि मोकळे झालेले नत्राचे अणू एकमेकांना मिठी मारतात. ती ९४५ ची मिठी. एकाच क्षणात असंख्य मिठ्या, आणि तयार होतो तो तापलेला वायू, ज्याला पसरायला जागा हवी असते.

स्फोटक द्रव्यांत ऊर्जा फार भरलेली असते असे मानू नका. एक ग्रॅम टी.एन.टी. सुमारे ४.२ किलोज्यूल देते. एक ग्रॅम शेंगदाण्याचे तेल जाळले तर त्याच्या नऊपट मिळते. मग तेलाची कढई का उडत नाही? कारण तेलाला प्राणवायू हवेतून, सावकाश, वरवरून मिळतो. टी.एन.टी.मध्ये प्राणवायू रेणूच्या आतच, नत्राच्या खांद्यावर बसलेला असतो. तो वाट पाहत नाही. स्फोट त्या द्रव्यातून सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने धावतो. भय शिलकेचे नाही, ती किती वेगाने हाती येते त्याचे आहे.

हे मुंबईला कोणी समजावून सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. त्या जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके व दारूगोळा एकत्र भरलेला होता. धुमसणारा कापूस हे भांडवल, आणि स्फोटके हा धंदा. दुपारी चारनंतर जहाज उडाले, अर्ध्या तासाने पुन्हा उडाले. शेकडो माणसे गेली, त्यांत आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे जवान होते. पुढच्या पिढ्यांना त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटांची गोष्टच अधिक आठवते. वास्तविक सोने ही त्या जहाजावरची सर्वांत निरुपद्रवी वस्तू होती.

खत आणि दारू यांत अंतर किती कमी आहे, हे ओप्पाऊनेच दाखवले. हाबर यांचा अमोनिया वापरून पहिल्या महायुद्धात जर्मनीने स्फोटके केली; चिलीचा सोरा इंग्रजी आरमाराने अडवला होता, तरी युद्ध थांबले नाही. युद्धानंतर त्याच ओप्पाऊत सुमारे ४,५०० टन खत एका कोठारात दगडासारखे घट्ट झाले. ते अमोनियम नायट्रेट आणि अमोनियम सल्फेट यांचे मिश्रण होते, आणि ते सुरुंगाचे लहान बार लावून फोडण्याची तेथे वहिवाट होती. हजारो वेळा काही झाले नाही. २१ सप्टेंबर १९२१ रोजी झाले, आणि पाचशेहून अधिक माणसे मेली. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात साठवून विसरलेले सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडाले, त्यात दोनशेहून अधिक गेली. आपल्याकडे या द्रव्याच्या साठ्यावर व वाहतुकीवर २०१२ पासून स्वतंत्र नियम आहेत. त्याच्या रेणूत नत्राचे दोन अणू असतात: एक हायड्रोजनशी बांधलेला, एक प्राणवायूशी. दोघे एकमेकांपासून अगदी जवळ, आणि गाठ मात्र बसलेली नाही.

हाबर यांच्याविषयी एक वाक्य सांगणे भाग आहे. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर शत्रूवर क्लोरीन वायू सोडण्याची योजनाही त्यांचीच होती, आणि १९१८ सालचे नोबेल पारितोषिक अमोनियाबद्दल मिळाले तेही त्यांनाच.

आणखी एक बाजू आहे, ती थोडक्यात सांगतो. शेतात टाकलेला सगळा युरिया पिकाला मिळत नाही. काही उडून जातो, काही नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात उतरतो, आणि काहींची मातीतले जंतू पुन्हा नत्रवायूची जुनी गाठ बांधून देतात. त्यात त्या जंतूंचा नफा आहे. त्यावरच ते जगतात. या वाटेवर थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो, तो पृथ्वी तापवणारा वायू आहे. ४०० ते ५०० अंश उष्णता, शेकडोपट दाब आणि वायूंचे इंधन खर्चून सोडवलेली गाठ काही आठवड्यांत पुन्हा बसलेली असते. जास्त खत म्हणजे जास्त पीक, हा हिशेब एका मर्यादेपुढे चालत नाही.

आता शेवटी ज्यांनी ही गाठ माणसाच्या कितीतरी आधी सोडवली त्यांच्याविषयी. हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड चांगला, त्यावर घेतलेले पीक जोम धरते, हे आपल्या शेतकऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. त्याचे कारण १८८६ साली हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी मांडले. कडधान्यांच्या मुळांवर ज्या बारीक गाठी असतात त्यांत जंतू राहतात, आणि ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. त्यांच्याजवळ ना भट्टी, ना दाब. लोखंड आणि मॉलिब्डेनम यांचे अणू पोटाशी धरलेले एक प्रथिन आहे. ते साध्या जमिनीच्या उष्णतेवर, इलेक्ट्रॉन एकेक करून देत देत, तिहेरी गाठ सोडवते. त्यासाठी वनस्पती त्यांना साखर पुरवते, आणि ती काही थोडीथोडकी नव्हे. मजुरी चुकती केल्यावाचून ही गाठ कोणीच सोडवत नाही. हे प्रथिन प्राणवायूला मात्र सोसत नाही, म्हणून तेथे वनस्पती आपल्या रक्तातल्यासारखेच एक तांबडे द्रव्य तयार करून प्राणवायूला आवरून धरते.

येत्या पावसाळ्यात भुईमुगाचे एखादे रोप फुलावर आले की मुळासकट अलगद उपटा, माती धुऊन टाका आणि एक गाठ नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर अजून सुरू झालेले नाही, किंवा संपले आहे.